प्रस्तावना : पूरक यंत्रणा आणि तिचा आवर

बारामती आणि इंदापूर हे तालुके पाण्याने घडवले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा डावा कालवा आला, शंभरेक वर्षांनी भीमेवर उजनीचे धरण झाले आणि एकेकाळच्या जिराईत माळावर ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांच्या भोवतीची शिवारे हिरवी झाली. ऊस आला तसे उंदीर आले आणि उंदरांच्या मागे साप. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे माणसाच्या जिवावर उठणारे चारही साप या पट्ट्यातल्या माणसाला नावानिशी ठाऊक आहेत. रात्रीची लाईट असली की बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते, पाचटात पाय कुठे पडतो ते दिसत नाही. दिवाळीच्या आगेमागे तोडणीला आलेली कुटुंबे फडाच्या कडेला कोप्या घालून जमिनीवर निजतात आणि मण्यार बहुतेकदा निजलेल्या माणसालाच चावते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रक्तातल्या एका प्रथिनसमूहाची ओळख करून देणाऱ्या लेखनाची सुरुवात सापापासून का, असा प्रश्न वाचकाला पडेल. उत्तर असे, की हा प्रथिनसमूह कसा चालतो हे विज्ञानाला कळले त्यात नागाच्या विषाचा वाटा फार मोठा आहे. आणि तो समूह बिघडला की माणसाचे काय होते, याची चिन्हे पाहायची तर उसाच्या पट्ट्यातल्या दवाखान्याइतकी योग्य जागा दुसरी शोधावी लागणार नाही.

या समूहाला कॉम्प्लिमेंट किंवा पूरक यंत्रणा म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे याने दाखवले, की कॉलऱ्याचे जंतू मारणारे रक्तजल ५५ अंशांपर्यंत तापवले की निकामी होते, पण त्यात दुसऱ्या निरोगी प्राण्याचे थोडे ताजे रक्तजल घातले की पुन्हा काम करू लागते. म्हणजे रक्तात दोन गोष्टी होत्या. एक, त्या विशिष्ट जंतूविरुद्ध तयार झालेली आणि उष्णतेला टिकणारी, जिला आज आपण प्रतिपिंड म्हणतो. दुसरी, सर्वांच्या रक्तात आधीपासून असलेली आणि उष्णतेने नाश पावणारी. ही दुसरी गोष्ट म्हणजे पूरक यंत्रणा. बोर्देला १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज या यंत्रणेत तीसहून अधिक प्रथिने मोजली जातात. काही रक्तद्रवात तरंगतात, काही पेशींच्या पृष्ठभागावर बसलेली असतात. मध्यभागी आहे सी-३ नावाचे प्रथिन. ते बहुतांशी यकृतात तयार होते आणि रक्तद्रवात दर लिटरला साधारण एक ग्रॅम असते. एवढ्या मोठ्या प्रमाणात शरीराने काही बाळगले असेल, तर ते रोजच्या वापराचे असणार हे उघड आहे.

सी-३ चे दोन तुकडे झाले, की त्यातला मोठा तुकडा, सी-३बी, जवळच्या कोणत्याही पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटतो. तो जंतूला चिकटला तर पांढऱ्या पेशी त्या जंतूला ओळखून गिळतात. लहान तुकडा दाह सुरू करतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो. पुढे सी-५ फुटते, त्याच्या एका तुकड्याच्या हाकेला पेशी धावून येतात आणि उरलेला भाग सी-६ ते सी-९ यांना सोबत घेऊन जंतूच्या आवरणाला भोक पाडतो. खरी मेख पुढेच आहे. चिकटलेला सी-३बी फॅक्टर बी नावाच्या प्रथिनाला जवळ करतो आणि दोघे मिळून आणखी सी-३ फोडणारे विकर तयार होते. म्हणजे एकातून शंभर, शंभरातून हजार. शिवाय सी-३ कोणतेही कारण नसताना, आपोआप, थोडे थोडे फुटतच असते. त्यातून निघालेल्या सी-३बीला आपले कोण आणि परके कोण हे कळत नाही. तो जंतूवर बसतो तसा आपल्याच लाल पेशीवर किंवा मूत्रपिंडाच्या केशवाहिनीच्या अस्तरावरही बसू शकतो. तिथे तो वाढत नाही, कारण फॅक्टर एच आणि फॅक्टर आय त्याला तोडून टाकतात आणि पेशींवरची सीडी-५५, सीडी-५९ ही प्रथिने उरलेले निभावतात. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे, की पूरक यंत्रणेचे सामर्थ्य तिच्या माऱ्यापेक्षा तिच्या आवरात अधिक आहे. या यंत्रणेचे बहुतेक आजार आवर सुटल्याने होतात. आणि आवर सुटलेली यंत्रणा केवळ आपल्याच शरीराची नासधूस करून थांबत नाही, ती जंतूंशी लढायलाही नालायक ठरते.

या दुसऱ्या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा नागाच्या विषात आहे. नागाचे विष मिसळले की रक्तजलाची जंतू मारण्याची ताकद जाते, हे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सायमन फ्लेक्सनर आणि हिदेयो नोगुची यांनी नोंदवले होते. कारण उलगडायला पुढची कित्येक दशके गेली. विषात एक प्रथिन असते, कोब्रा व्हेनम फॅक्टर. ते नागाच्या स्वतःच्या सी-३ सारखेच घडलेले आहे आणि आपल्या शरीरात गेले की सी-३बीची भूमिका उठवते, आपल्याच फॅक्टर बीला जवळ करून सी-३ फोडणारे विकर बनवते. फरक एकच. आपले स्वतःचे विकर सुमारे दीड मिनिटात निम्मे विघटित होते, नागाच्या प्रथिनाने बनवलेले विकर निम्मे व्हायला सुमारे सात तास लागतात. फॅक्टर एच आणि आय यांना ते दाद देत नाही. परिणाम असा, की सी-३ फुटत राहते, फुटत राहते आणि काही तासांत संपते. ज्या प्रयोगप्राण्यांना हे शुद्ध प्रथिन टोचले जाते त्यांच्या रक्तात कित्येक दिवस सी-३ जवळपास नसते आणि न्यूमोकॉकससारखे जंतू रक्तातून हटवणे त्यांना जड जाते. यंत्रणा जितकी बेफाम चालली तितकी रिकामी झाली. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या इंदापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. वरची दारे सताड उघडी राहिली की वरच्या रानांत पाणी साचते, बांध फुटतात आणि खालचे पीक मात्र वाळते.

एक खुलासा लगेच करायला हवा, नाहीतर अर्धवट माहितीतून नवीच समजूत रूढ होईल. नाग चावल्यावर माणूस मरतो तो या प्रथिनाने नव्हे. त्याचा श्वास थांबतो तो मज्जातंतू आणि स्नायू यांमधला निरोप अडवणाऱ्या लहान विषप्रथिनांमुळे, आणि चावलेल्या जागचे मांस सडते ते पेशी फोडणाऱ्या दुसऱ्या विषप्रथिनांमुळे. कोब्रा व्हेनम फॅक्टर एकटाच दिला तर प्राणी सहसा जगतात. म्हणूनच तो प्रयोगशाळेत इतका उपयोगी पडला. लुई पिलेमर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५४ साली सांगितले, की प्रतिपिंड नसतानाही पूरक यंत्रणा सुरू होऊ शकते. त्याच्यावर टीकेची झोड उठली, १९५७ साली तो वारला आणि त्याचा सिद्धांत अडगळीत गेला. नागाच्या विषातले प्रथिन रक्तातल्या कशाशी हातमिळवणी करून सी-३ फोडते, याचा माग काढता काढता १९६० आणि १९७० च्या दशकांत संशोधक फॅक्टर बीपर्यंत पोचले आणि पिलेमरचा तो दुसरा मार्ग खरा ठरला. पूरक यंत्रणेच्या इतिहासात इतकी दुःखद आणि इतकी शिकवणारी दुसरी गोष्ट नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप डॉक्टर मंडळींकडून येतो आणि तो वजनदार आहे. आवरावर एवढा भर कशाला, यंत्रणाच कमी पडल्याने होणारे आजार आहेतच की, असे ते म्हणतात. खरे आहे. सी-५ ते सी-९ यांपैकी एखादे प्रथिन जन्मतः नसले तर मेनिंगोकॉकसचा मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होऊ शकतो. सी-१क्यू नसले तर ल्युपससारखा आजार जवळजवळ ठरलेलाच, कारण मेलेल्या पेशींचा निचरा नीट होत नाही. सी-३ मुळातच नसलेली मुले वारंवार पू करणाऱ्या जंतुसंसर्गांना बळी पडतात. पण याच आक्षेपाच्या पोटात त्याचे उत्तर आहे. १९७० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या एका रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या रक्तात सी-३ फार कमी होते. वाटावे की सी-३ तयारच होत नाही. प्रत्यक्षात ते तयार होत होते, पण सी-३बीला तोडणारे प्रथिन, ज्याला आज फॅक्टर आय म्हणतात, ते नव्हते. आवर नसल्याने सगळे सी-३ वायाच जात होते. बाहेरून पाहता हा अशक्तपणाचा आजार, आतून पाहता अतिरेकाचा. नागाने जे काही तासांत केले ते या रुग्णाच्या शरीरात जन्मापासून चालू होते. तेव्हा लढण्याची ताकद आणि आवर या दोन वेगळ्या गोष्टी मानून त्यांत डावे-उजवे करणेच चुकीचे आहे. प्रतिकारशक्ती वाढवून देतो असे सांगत बाटल्या विकणाऱ्यांना ही गोष्ट माहीत नसते, किंवा माहीत असून सोयीची नसते.

आवर सुटल्याचे सर्वांत उघड रूप मूत्रपिंडात दिसते. हेमोलिटिक युरेमिक सिंड्रोम या आजारात लाल पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि मूत्रपिंड बंद पडते. केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या होतात, त्यांतून जाताना लाल पेशींचे तुकडे होतात. हे तुकडे रक्ताच्या साध्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली शिरस्त्राणासारखे, त्रिकोणी, कोर तुटलेले असे दिसतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, पाहणारी नजर लागते. या आजाराचा एक प्रकार थेट पूरक यंत्रणेच्या आवराशी जोडलेला आहे आणि इथे भारताची गोष्ट युरोपपेक्षा वेगळी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अरविंद बग्गा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की आपल्याकडे या प्रकारच्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या रक्तात स्वतःच्याच फॅक्टर एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात. युरोपात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. अशा बहुतेक मुलांत फॅक्टर एचच्या शेजारच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती गहाळ असतात. ही नोंद निव्वळ शास्त्रीय कुतूहलाची नाही, तिने उपचार बदलले. सी-५ अडवणारे एक्युलिझुमॅब हे औषध २००७ साली अमेरिकेत मंजूर झाले. त्याची गणना जगातल्या सर्वांत महागड्या औषधांत झाली आणि सामान्य भारतीय कुटुंबाच्या ते आवाक्यापलीकडेच राहिले. पण आजाराच्या मुळाशी प्रतिपिंडे असतील तर रक्तद्रव बदलून ती काढून टाकता येतात आणि स्टेरॉइडसारख्या जुन्या, स्वस्त औषधांनी ती पुन्हा बनणे रोखता येते. वेळेत सुरुवात झाली तर या मुलांची मूत्रपिंडे वाचतात.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो अधिक तिखट आहे. हे सगळे दिल्ली-मुंबईला ठीक, पण जिथे सर्पदंशाची लस वेळेवर मिळेल की नाही याचीच धास्ती असते तिथे सी-३ ची चर्चा म्हणजे चैन नाही का? लसीचे महत्त्व कमी करण्याचा माझा जराही हेतू नाही. साप चावलेल्या माणसासाठी पहिले, दुसरे आणि तिसरे काम प्रतिविष हेच आहे. मांत्रिक नाही, आवळपट्टी नाही, चीर देणे नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. ही योग्य दिशा आहे. पण घोणस चावलेल्या रुग्णाची कथा लसीने संपत नाही. घोणशीचे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना भराभर खर्च करते. म्हणून दवाखान्यात नसेतून काढलेले थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. गाठ न होता रक्त ओघळले, तर विष रक्तात भिनले आहे. लसीनंतर रक्त गोठू लागते, नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि त्याच सुमाराला काही रुग्णांची लघवी कमी होऊ लागते.

लघवी का कमी होते याची कारणे एकाहून अधिक आहेत. रक्तदाब पडणे, विषाचा मूत्रपिंडावर थेट परिणाम, फुटलेल्या पेशींतील द्रव्ये, ही जुनी आणि खरी कारणे. पण काहींमध्ये रक्त गोठू लागल्यावरही प्लेटलेट खालीच राहतात आणि काचपट्टीवर वर सांगितलेले तुटके लाल तुकडे दिसतात. म्हणजे चित्र हेमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचे. यात पूरक यंत्रणेचा हात असावा असे मानायला आधार आहे. रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन सी-५ ला थेट फोडू शकते, म्हणजे गोठण्याचा आणि पूरक यंत्रणेचा मार्ग एकमेकांत मिसळलेले आहेत. श्रीलंकेत शंभराहून अधिक सर्पदंश-रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पूरक यंत्रणा सक्रिय झाल्याच्या स्पष्ट खुणा सापडल्या. तरीही इथे उडी मारू नये. सक्रिय होणे वेगळे आणि मूत्रपिंडाच्या हानीला तीच कारणीभूत असणे वेगळे. सर्पदंशानंतरच्या या अवस्थेत रक्तद्रव बदलल्याने फायदा होतो, हेही सिद्ध झालेले नाही. या बाबतीत जुना धडा हाताशी आहे. लस दिल्यावर येणारी थंडी, गांधी, रक्तदाब पडणे यांचे खापर अनेक वर्षे पूरक यंत्रणेवर फोडले गेले, कारण काचनळीत लसीतल्या घोड्याच्या प्रथिनांनी ती सक्रिय होत होती. १९८६ साली प्रत्यक्ष रुग्णांची तपासणी झाली तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही आणि श्रीलंकेच्या नव्या अभ्यासात बोट मास्ट पेशींकडे वळले. आवडत्या सिद्धांताला रुग्णाच्या रक्ताची परीक्षा द्यावीच लागते.

मग तालुक्याच्या डॉक्टराला या ज्ञानाचा उपयोग काय? मला वाटते, उपयोग औषधापेक्षा संशयात आहे. कोपीत राहणाऱ्या एखाद्या मुलाला खरूज होते, खाजवून फोड चिघळतात, त्यात स्ट्रेप्टोकॉकस शिरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजतो, लघवी कोऱ्या चहासारखी होते. या मुलाचे सी-३ घटलेले असते. बहुतेकदा ते सहा ते आठ आठवड्यांत आपोआप पूर्ववत होते आणि मूलही बरे होते. ते तीन महिन्यांनंतरही खालीच राहिले तर कारण वेगळे आहे, मूत्रपिंडात पूरक यंत्रणेचा आवर सुटलेला असू शकतो आणि मुलाला तज्ज्ञाकडे पाठवायला हवे. सी-३ ची तपासणी आता दुर्मीळ राहिलेली नाही. अवघड आहे ते तीन महिन्यांनी त्या मुलाला पुन्हा गाठणे, कारण तोवर हंगाम संपून पट्टा पडलेला असतो आणि कुटुंब बीडकडे किंवा अहिल्यानगरकडे परतलेले असते. हा प्रश्न शास्त्राचा नाही, नोंदवहीचा आहे. बारामतीत आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घोणशीच्या दंशानंतरच्या प्रत्येक रुग्णाची काचपट्टी, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि सी-३ ठरलेल्या दिवशी पाहून लिहून ठेवले गेले, तर जगाला आज हवे असलेले उत्तर याच पट्ट्यातून मिळू शकेल.

तिसरा आक्षेप उदासीनतेचा आहे. असले संशोधन परदेशात होते, आपण फक्त वाचायचे. तो तर सरळ खोटा आहे. सी-३ ला धरून बसणारा आणि त्याला फुटू न देणारा कॉम्पस्टॅटिन हा छोटा पेप्टाइड १९९६ साली पेनसिल्व्हेनियात जॉन लॅम्ब्रिस यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अरविंद साहू. तेच पुढे पुण्यात, गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आले आणि देवीच्या कुळातले तसेच नागिणीच्या कुळातले विषाणू माणसाच्या आवर-प्रथिनांची नक्कल करून पूरक यंत्रणेला कसे चकवतात, यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. कॉम्पस्टॅटिनपासून विकसित झालेले पेगसेटाकोप्लान हे औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले, ते लाल पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ नसल्याने सकाळची लघवी गडद होणाऱ्या एका दुर्मीळ आजारासाठी. विषाणूंनाही मारा नको, आवर हवा असतो, ही गोष्ट माझ्या मुद्द्याला पूरकच आहे. अर्थात प्रत्येक लगामाची किंमत असते. सी-५ अडवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला मेनिंगोकॉकसची लस आधी टोचावी लागते, कारण त्या एका जंतूपुढे तो उघडा पडतो. आवर म्हणजे बंदी नव्हे, एवढे या लसीवरूनही कळावे.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. रेणूंची नावे जड वाटली तर मूत्रपिंडाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, नावे मागाहून लक्षात राहतात. डॉक्टर नसलेल्या वाचकाला मात्र एक विनंती आहे. घरात कोणाला घोणस चावली असेल आणि लस घेऊन, रक्त गोठू लागले म्हणून घरी सोडले असेल, तर पुढचा आठवडाभर लघवीवर लक्ष ठेवा. ती कमी झाली, लाल किंवा काळपट झाली, किंवा चेहरा सुजला, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात परत जा आणि प्लेटलेट, क्रिएटिनिन व रक्ताची काचपट्टी पुन्हा पाहायला सांगा.